फुलांच्या परफ्यूमला उदबत्तीचा वास का येतो, आणि उंची परफ्यूम कसा घडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगापूर रोडला बुटीक चालवणाऱ्या एका ताईंना स्त्रियांसाठी स्वतःचा उंची, फुलांचा परफ्यूम बाजारात आणायचा आहे. नाशिकच्या मुघलकालीन नावावरून ‘गुलशनाबाद’ हे नावही त्यांनी पक्कं केलंय. गुलाब, मोगरा आणि निशिगंध अशी तीन महागडी तेलं आणून त्यांनी स्पिरिटमध्ये मिसळली. घरातल्या सगळ्यांनी वास घेतला आणि एकमुखाने सांगितलं, ‘उदबत्ती!’ आता त्या विचारतात की तेलाचं प्रमाण वाढवू का, दिंडोरीकडचा गुलाब वापरता येईल का, आणि उंची परफ्यूमला नेमकं काय लागतं, किती दिवस लागतात?

ताई, तेल वाढवू नका. मी बरीच वर्षं परफ्यूमची कंपाउंड (अल्कोहोलमध्ये घालण्याआधीची सुगंधी मिश्रणं) बनवते आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. दर वेळी घोटाळा एकाच ठिकाणी असतो: फूल कमी पडत नाही, बाटलीत फुलांशिवाय दुसरं काहीच नसतं.

उदबत्तीचा वास का येतो ते आधी बघा. गुलाबाचा गोड, मऊ भाग मुख्यतः फेनिल इथाइल अल्कोहोलचा. मोगऱ्या-जाईचा फळकट गोडवा बेंझाइल अॅसिटेटचा. हे दोन्ही पदार्थ स्वस्तात तयार होतात, म्हणून उदबत्ती, साबण, टाल्कम पावडर, सगळीकडे पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरले गेलेत. त्यात आपल्याकडे हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावतात, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात, लग्नात निशिगंधाचे हार असतात, देवघरात मोगरा असतो. त्यामुळे हे तीन गोड वास एकत्र नाकाशी आले की मराठी नाक क्षणात देवघरात जाऊन पोचतं. ते चुकत नाहीये. तुम्ही त्याला दुसरीकडे जायला वाटच ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. तुम्ही ‘महागडी’ म्हणता ती तेलं किती रुपयांची होती? जाईच्या जातीच्या फुलांपासून एक किलो ॲब्सोल्यूट (फुलांचा घट्ट, शुद्ध अर्क) काढायला साधारण ६०० ते ७०० किलो फुलं लागतात. गुलाबाचं एक किलो तेल भपक्यातून (अर्क काढायच्या भट्टीतून) उतरवायला साडेतीन ते चार टन फुलं लागतात, आणि त्याचा भाव किलोला कित्येक लाखांत असतो. निशिगंधाचा ॲब्सोल्यूट तर त्याहूनही दुर्मिळ. तेव्हा शंभर मिलीची बाटली हजार-दोन हजारांना मिळाली असेल, तर ती फुलाची नव्हे. ते तयार कंपाउंड असतं, बहुतेक वेळा डीईपीसारख्या बिनवासाच्या द्रवात पातळ केलेलं. अशी तीन कंपाउंडं एकत्र करणं म्हणजे दुसऱ्याने पूर्ण केलेले तीन परफ्यूम एकमेकांवर ओतणं.

दिंडोरीच्या गुलाबाचं उत्तर सोपं आहे: नाही. जानोरी, मोहाडी या पट्ट्यात पॉलिहाऊसमध्ये जो गुलाब होतो तो फुलदाणीसाठी निवडलेला आहे. लांब दांडा, घट्ट कळी, कापल्यावर आठवडाभर टिकणं या गुणांसाठी त्या जाती तयार झाल्या, आणि त्या निवडीत सुगंध मागे पडला. आमच्याकडचं फूल म्हणून त्याचा अभिमान मलाही आहे, पण त्यातून तेल निघणार नाही. तेलाचा गुलाब म्हणजे दमास्क गुलाब. त्याच्यासाठी कनौज किंवा पुष्करकडे बघावं लागतं, किंवा बल्गेरिया आणि तुर्कस्तानकडे.

आता ‘उंची’ या प्रश्नाकडे येते. पॅरिसच्या जाँ पातूने १९३० च्या सुमारास ‘जॉय’ काढला, तेव्हा एका औंसामागे १०,६०० जाईची फुलं आणि २८ डझन गुलाब अशी त्याची जाहिरात होती. श्रीमंतीची ही एक कल्पना झाली: जितकी फुलं तितकी किंमत. पण त्याआधीच, १९२१ मध्ये, एर्नेस्ट बो यांनी ‘शनेल नंबर ५’ दुसऱ्याच वाटेने नेला होता. त्यात ग्रासची (परफ्यूमच्या फुलांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधल्या गावाची) जाई आणि मे महिन्यातला गुलाब होताच, पण त्यावर त्यांनी आल्डिहाइड या सुगंधी रसायनांचा भरपूर वापर केला. आल्डिहाइडांचा वास फुलासारखा नसतो. इस्त्री केलेलं कोरं सुती कापड, विझलेली मेणबत्ती, संत्र्याच्या सालीचा तीक्ष्णपणा, असा काहीसा असतो. त्या थंड, चकचकीत थरामुळे खालची फुलं कुठल्याच बागेतली राहिली नाहीत. हा वास कुठल्या फुलाचा आहे हे कुणाला सांगता येईना, आणि तेच त्याचं व्यक्तिमत्त्व झालं.

१९५६ चं ‘दिओरिसिमो’ मला त्याहूनही शिकवणारं वाटतं. ते लिली ऑफ द व्हॅली या फुलावर आहे आणि त्या फुलातून वापरण्याजोगं तेल निघतच नाही. परफ्यूमकार एदमों रुदनित्स्का यांनी ग्रासजवळच्या काब्रिसमध्ये आपल्या बागेत ती फुलं लावली, जवळून हुंगली, आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलालसारख्या रसायनांतून फूल उभं केलं. त्या फुलाचा थेंबही नसताना जगातला सर्वांत खरा वाटणारा फुलांचा परफ्यूम तयार झाला. म्हणून कुणी ‘शंभर टक्के नैसर्गिक म्हणजे उंची’ म्हणालं तर मी त्यांना हेच उदाहरण देते. चांगला ॲब्सोल्यूट मी जरूर वापरते, त्याच्याशिवाय पोत येत नाही. पण माझ्या कंपाउंडमध्ये तो शंभरात एक-दोन भाग असतो. निशिगंधाचा असेल तर अर्धा भागही पुरतो.

मग करायचं काय? एक फूल निवडा आणि त्या फुलाची वेळ ठरवा.

वेळ का, ते हातात मोगरा घेऊनच कळेल. गोदाकाठी संध्याकाळी पाचच्या सुमारास कळ्यांचा गजरा घ्या. त्या वेळी त्याला जवळजवळ वास नसतो, ओल्या देठाचा हिरवा, किंचित काकडीसारखा वास तेवढा येतो. आठ-नऊला कळ्या उमलू लागतात. पहिला वास थंड असतो, त्यात संत्र्याच्या फुलाची झाक असते, हिरवेपणा अजून टिकून असतो, आणि गोडवा नुकता मागून येत असतो. मध्यरात्री तोच गजरा खोली भरून टाकतो. आता हिरवं संपलं, गोडवा जाड झाला, खाली काहीतरी उष्ण, प्राण्याच्या अंगासारखं जाणवू लागलं. सकाळी पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात आणि वास चहापत्तीकडे, सुक्या गवताकडे झुकतो. एका गजऱ्यात हे चार वेगळे परफ्यूम आहेत. उदबत्तीवाल्याने मध्यरात्रीचा मोगरा कधीच घेऊन टाकलाय. तुम्ही नऊ वाजताचा घ्या.

गजरा घरी आणून दर तासाला वास घ्या आणि वहीत लिहा. ‘छान’, ‘मस्त’ असं लिहू नका. ‘कच्ची काकडी’, ‘पाटीवरची पेन्सिल’, ‘लोणी’, ‘नाण्याचा वास’ असं लिहा. मोगरा, निशिगंध, जाई ही फुलं तोडल्यावरही सुगंध सोडत राहतात. पूर्वी ग्रासमध्ये चरबीच्या थरावर फुलं पसरून त्यांचा वास शोषून घ्यायचे ते याच गुणामुळे. गुलाबाचं तसं नाही, तो तोडला की उतरणीला लागतो, म्हणून गुलाब पहाटेच तोडून थेट भपक्यात घालतात.

नऊ वाजताचा मोगरा कसा उभा राहतो ते सांगते. सगळ्यात मोठा वाटा हेडिओन या प्रयोगशाळेतल्या रसायनाचा, शंभरात पंचवीस ते तीस भाग. याला स्वतःचा वास फार थोडा असतो, पातळ जाई आणि लिंबाची पुसट आठवण. पण तो फुलांच्या मधे हवा भरतो. १९६६ मध्ये रुदनित्स्कांनीच तो ‘ओ सोवाज’ या पुरुषांच्या परफ्यूममध्ये वापरला आणि त्यानंतर फुलांची रचनाच बदलली. तुमच्या मिश्रणात जी घुसमट आहे ती हवा नसल्यामुळे आहे. मग लिनालूल, आणि बेंझाइल अॅसिटेट, पण पाच भागांच्या आत, त्यापुढे गेलात की परत उदबत्ती. संत्र्याच्या फुलाची झाक मिथाइल अँथ्रानिलेटने येते. मुलांच्या जांभळ्या चॉकलेट-गोळीतला ‘द्राक्षाचा’ वास तो हाच. आपल्या थॉमसन सीडलेसमध्ये तो सापडणार नाही, तो अमेरिकेतल्या काँकर्ड द्राक्षाचा आहे. हिरवेपणासाठी सिस-३-हेक्झेनॉल, म्हणजे नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, अगदी कणभर. त्याचाच सॅलिसिलेट मात्र सढळ हाताने चालतो.

आणि इंडोल. नुसता हुंगलात तर कीटकनाशक गोळ्या आणि अस्वच्छ मुतारीची आठवण होईल. हिंगाचा डबा उघडला की नकोसा होतो आणि आमटीत नसला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, तसा हा. दहा टक्क्यांचं द्रावण करून घ्या आणि अंतिम कंपाउंडमध्ये शुद्ध इंडोल शंभरात पाव भागाच्या आसपास ठेवा. तो नसेल तर मोगरा प्लॅस्टिकचा होतो. जास्त झाला तर मध्यरात्र उजाडते. सर्वांत शेवटी खरा मोगऱ्याचा ॲब्सोल्यूट, एक भाग. तामिळनाडूत तो चांगला तयार होतो. विकत घेताना त्याच्यासोबत जीसी रिपोर्ट (त्यात कुठले घटक किती आहेत ते दाखवणारी तपासणी) मागा, आणि कुणी द्यायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा.

गुलाब काढून टाका असं मी म्हणणार नाही, त्याला मागे बसवा. फेनिल इथाइल अल्कोहोल कमी करा आणि डॅमॅस्कोनची अगदी पुसट छटा द्या. त्याच कुळातला डॅमॅस्केनोन गुलाबतेलात शेकडा पाव भागापेक्षाही कमी असतो, पण गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. त्याने शिजलेल्या सफरचंदाची, मुरलेल्या वाइनची झाक येते. जोडीला रोझ ऑक्साइडचा एक कण, त्याचा वास हिरवा आणि धातूसारखा. (नाक तयार करायला तुम्हाला लांब जायला नको. आपल्याकडच्या वायनरीत मस्कॅट जातीच्या द्राक्षाची वाइन मिळाली तर हुंगून बघा. त्यात लिनालूल आणि जिरॅनिऑल असतात, म्हणजे गुलाबातलीच मंडळी.) गुलाब मागे राहिला तरी तुमचं ‘गुलशनाबाद’ नाव खोटं ठरत नाही, ते ठेवाच.

निशिगंध मात्र पहिल्या फेरीत बाजूला ठेवा. १९४८ मध्ये जेर्मेन सेलिए यांनी ‘फ्राका’ त्यावरच उभा केला, पण त्यांनी तो मुख्य पात्र म्हणून घेतला, तिसरा सोबती म्हणून नव्हे. या फुलात लोण्यासारखे, नारळासारखे लॅक्टोन असतात आणि मिथाइल सॅलिसिलेटही असतं, जे दुखऱ्या गुडघ्याच्या मलमात असतं. मोगऱ्यात तो थोडा जरी वर आला तर बायका ‘मलम’ म्हणतात, आणि एकदा तो शब्द तोंडातून निघाला की दुसरं काही जाणवेनासं होतं.

तळाला काय घालाल? तुमचा हात चंदनाकडे जाणार हे मला माहीत आहे. थांबा. गुलाब, मोगरा आणि चंदन हे त्रिकूट जमलं की देवघराचं दार पुन्हा उघडलंच. चंदन मला अतिशय प्रिय आहे, अत्तराला त्याच्यासारखी बैठक नाही, पण या परफ्यूममध्ये त्याऐवजी सिडारचं कोरडं लाकूड आणि दोन-तीन प्रकारचे मस्क घ्या. कस्तुरीमृगाच्या मस्कला कायद्याने बंदी आहे, आपण वापरतो ते सगळे प्रयोगशाळेतले. दोन-तीन प्रकार अशासाठी की एखाद्या मस्कचा वास काही माणसांना येतच नाही. एकावरच विसंबलात तर त्या गिऱ्हाइकाला तुमचा परफ्यूम तासाभरात संपल्यासारखा वाटेल.

वर उघडताना फुलापासून दूरचं काहीतरी हवं. १९९९ च्या ‘जाडोर’मध्ये कालीस बेकर यांनी फुलांच्या गुच्छाला फळांचा रसरशीतपणा दिला आणि तो गुच्छ जुनाट वाटला नाही. तुम्ही नाशपती घ्या किंवा गुलाबी मिरी. माझं मत मिरीकडे आहे, कारण ती गोडव्याला लगेच लगाम घालते.

कामाची पद्धत थोडक्यात. थेंब मोजू नका, वजन करा. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या, थेंबाचं वजन प्रत्येक तेलाला वेगळं असतं. तीव्र पदार्थ आधी दहा किंवा एक टक्क्यावर पातळ करून ठेवा. प्रत्येक प्रयोगाला क्रमांक द्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. कागदी पट्टीवर पहिल्या मिनिटाला, अर्ध्या तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या. दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवरच तुमचा तळ कळतो. नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगून काही होत नाही, गच्चीवर जा किंवा स्वतःच्या कोपराच्या वळणाचा वास घ्या.

फॉर्म्युला जमला की कंपाउंड दोन आठवडे तसंच राहू द्या. मग अल्कोहोलमध्ये अठरा टक्क्यांच्या आसपास मिसळा, म्हणजे ओ द पार्फम होतो. थंड, अंधाऱ्या जागी चार ते सहा आठवडे मुरू द्या. सुरुवातीची अल्कोहोलची झोंबणी तेवढ्यात बसते. नंतर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस गार करून गाळा, नाहीतर हिवाळ्यात बाटली गढूळ होईल.

पुढचा टप्पा लोक टाळतात आणि तिथेच पैसे जातात. आपल्या गावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, त्वचा कोरडी पडते आणि परफ्यूम भराभर उडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि तोच परफ्यूम अंगावर फुगतो, गोड भाग दुप्पट वाटतो. दोन्ही ऋतूंत लावून बघा, वेगवेगळ्या वयाच्या पंधरा-वीस बायकांच्या अंगावर. त्यांना ‘आवडला का’ विचारू नका. ‘कुठली जागा आठवली’ विचारा. देवघर, साबण, बाळाची पावडर ही उत्तरं आली तर कुठला पदार्थ कमी करायचा ते लगेच समजतं.

बाटल्या ४० ते ४५ अंशांवर किमान दोन-तीन महिने ठेवा, काही उन्हात खिडकीशी ठेवा. मिथाइल अँथ्रानिलेट आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल एकत्र आले की त्यांची आपसात प्रक्रिया होऊन गडद पिवळा-केशरी रंग तयार होतो. व्हॅनिलिन असेल तर तपकिरी होतं. बाटलीत तो रंग छान दिसेलही, पण तुमचं गिऱ्हाईक येवल्याची पैठणी नेसून लग्नाला जाणारं आहे. पांढऱ्या आणि मोतिया रंगाच्या रेशमाचे तुकडे आणा, वीतभर अंतरावरून फवारा, वाळवा, आठवडाभराने उजेडात बघा. जराही पिवळा डाग दिसला तर मिथाइल अँथ्रानिलेट निम्म्यावर आणा आणि संत्र्याच्या फुलाची झाक दुसऱ्या मार्गाने द्या, नेरॉलिडॉल आणि पेटिटग्रेन तेल बघा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. परफ्यूम हे आपल्याकडे सौंदर्यप्रसाधन आहे, त्यामुळे २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार उत्पादनाला एफडीएचा परवाना लागतो. इथाइल अल्कोहोलसाठी उत्पादन शुल्क खात्याची वेगळी परवानगी लागते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पळवाट काढू नका, त्याचा दवाखान्यासारखा वास नाजूक मोगऱ्याला मारून टाकतो. पहिल्या बॅचसाठी परवानाधारक उत्पादकाकडून भरून घेणंच शहाणपणाचं. फॉर्म्युला आयएफआरएच्या (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या) मर्यादांशी ताडून घ्या, जाई-मोगऱ्याच्या ॲब्सोल्यूटलाही त्यात मर्यादा आहे. आणि कुणी जुना फॉर्म्युला दिला, त्यात लिलिआल हे सुगंधी रसायन असेल, तर तो भाग बदला. युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून त्यावर बंदी घातली आहे.

वेळ विचारलात. आज सुरुवात केली आणि दोन्ही ऋतू तपासले, तर वर्ष लागेल. दिवाळीला दुकानात ठेवायची घाई असेल तर या दिवाळीचा विचार सोडा, पुढच्या धरा. तोवर सगळी रसायनं एकदम विकत घेऊ नका. पहिल्या महिन्यासाठी हेडिओन, लिनालूल, बेंझाइल अॅसिटेट, सिस-३-हेक्झेनिल सॅलिसिलेट, मिथाइल अँथ्रानिलेट, इंडोल आणि एक मस्क, एवढं पुरे. प्रत्येकी वीस-पंचवीस ग्रॅम घ्या, इंडोल पाच ग्रॅम. ॲब्सोल्यूटवर पैसे घालू नका. हा सांगाडा नऊ वाजताच्या गजऱ्याशेजारी ठेवला आणि घरातल्या कुणाच्याही तोंडून ‘उदबत्ती’ निघालं नाही, की मग मोगऱ्याचा पाच ग्रॅम ॲब्सोल्यूट मागवा.